छावणीतल्या टेनिसचा शेवटचा हिवाळा

यंदा थंडी उशिरा आली. मार्गशीर्ष निम्मा सरला तरी दुपारी पंखा लावावा लागत होता. मग एके सकाळी नळाखाली हात धरला आणि पाणी बोटांना चावलं, तेव्हा कळलं की आली. त्याच दिवशी नातीला टेनिसच्या शिकवणीला सोडायला मी गेले. तिची आई गावाला गेली होती, म्हणून हे काम माझ्याकडं. कोर्ट निळं होतं, सिमेंटवर जाड रंग दिलेलं, रेषा इतक्या सरळ की डोळ्यांना खुपाव्यात. मी कडेच्या बाकावर शाल गुंडाळून बसले, ऊन पाठीवर घेतलं आणि डोळे मिटले. समोरून चेंडू रॅकेटवर बसल्याचा आवाज येऊ लागला.

आता रॅकेटी लाकडाच्या नाहीत, तारा आतड्याच्या तातीच्या नाहीत, त्यामुळं तो आवाज आमच्या वेळेसारखा घुमत नाही. पण चेंडू जोरात मारलाय की जपून मारलाय, हे अजूनही नुसतं ऐकून सांगता येतं. असं ऐकायला मला एका माणसानं शिकवलं. ज्या दिवशी शिकवलं, त्या दिवसाची लाज माझ्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीही पुरती गेलेली नाही. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर निळं कोर्ट दिसलं असतं, आणि मला तर लाल दिसत होतं.

आमचं कोर्ट छावणीच्या बाजूला होतं. क्लबाची बैठी इमारत, तिच्यामागं कडुलिंबांची रांग आणि रांगेपलीकडं दोन कोर्टं. फाटकावरच्या पाटीत ‘लॉन टेनिस’ असं लिहिलेलं. कोर्टाची देखभाल करणारा दगडू एकदा मला म्हणाला, "बाई, ह्ये लॉन म्हंजी काय वो?"

"गवत," मी म्हटलं.

दगडूनं हातातल्या खुरप्याकडं बघितलं. "मंग मी रोज उपटतो त्ये काय?"

खरंच, तिथं गवताची काडी नव्हती. मुरूम, लाल माती आणि शेण यांचं सारवलेलं अंगणच होतं ते. दगडू अजिंठ्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. भाऊ गावी मेंढरांमागं आणि हा इथं मातीमागं. सामन्यांच्या आधी पंधरा दिवस तो पहाटे पखालीनं पाणी शिंपडायचा, उन्हं चढायच्या आत दगडी रूळ फिरवायचा, मग दोरी ताणून चुन्याच्या रेघा मारायचा. थंडीत ओल्या मुरुमाला एक वास सुटतो. पावसाचा नव्हे, त्याहून कोरडा, भाजक्या मडक्यात पाणी भरल्यासारखा. तो वास आला की गावात लोक म्हणायचे, टेनिसच्या मॅची आल्या.

या मॅची फार जुन्या. पोलीस ॲक्शनच्या आधी त्या निजामाच्या अंमलदारांच्या होत्या. कुणा सुभेदारानं चांदीचा कप दिलेला, त्याच्या बैठकीवर उर्दूत एक ओळ कोरलेली. मी तेव्हा सात वर्षांची, मला त्यातलं काही आठवत नाही. जे ठाऊक आहे ते मोईनचाचांकडून. मोईनचाचा म्हणजे आमच्या गल्लीतले वकील, माझ्या वडिलांचे, नानांचे, लहानपणापासूनचे मित्र. ते हैदराबादला वकिली शिकायला गेले आणि येताना सनदेबरोबर रॅकेटही घेऊन आले. पोलीस ॲक्शननंतर दोन हिवाळे कोर्टावर कुणी फिरकलं नाही. खेळणाऱ्यांतले काही कराचीला गेले, काही हैदराबादला, आणि जे राहिले त्यांना खेळावंसं वाटेना. "खेळायला चौघं लागतात बेटा," चाचा सांगायचे, "आणि आम्ही दोघं उरलो होतो. त्यातला एक आजारी." मग मुंबईकडून नवे अधिकारी आले, इंजिनियर आले, त्यांच्या ट्रंकांमध्ये पांढऱ्या पँटी होत्या. त्यांनी दगडूला नेमलं, कुसळी काढून घेतली आणि मॅची पुन्हा सुरू झाल्या. कप तोच राहिला. उर्दू ओळीच्या खाली इंग्रजी ओळ आली, मग काही वर्षांनी मराठी.

जालन्याचे, परभणीचे, नांदेडचे खेळाडू छोट्या रुळांच्या आगगाडीनं यायचे. रॅकेट लाकडी चौकटीत आवळलेली, बगलेत वळकटी. हॉटेलात कुणी उतरत नसे. चाचांच्या घरी दोघं, आमच्या घरी दोघं, असे वाटून घेतलेले. चाचींच्या हातचा मटणाचा खलिया खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळची मॅच हमखास हरायचा, आणि तरी दरवर्षी तिथंच उतरायला धडपडायचा. चार दिवस गावात पांढरे कपडे हिंडायचे. गुलमंडीतले दुकानदार गिऱ्हाइकाला कापड फाडून देता देता विचारायचे, आज कोण पुढं गेलं.

मी खेळायला लागले ती चाचांमुळं. त्यांना मुलगी नव्हती आणि मला धावायची खोड होती. नाना शाळामास्तर. बायकांनी असं उघड्यावर खेळावं का, असा प्रश्न घरात दोनदा-तीनदा निघाला. नानांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं, "मोईन सोबत आहे ना, मग खेळू दे." मी पांढरं पातळ नेसायची, पदर कमरेला घट्ट खोवायची, कॅनव्हासचे बूट खडूनं घासून पांढरे करायची. पुढं मी मुलींच्या शाळेत नोकरीला लागले, तरी ते चार दिवस रजा टाकायचीच. बायका फारशा नसल्यामुळं माझ्या वाट्याला मिश्र दुहेरी आली, आणि जोडीदार अर्थातच चाचा.

सात हिवाळे आम्ही खेळलो. त्यातले पहिले सहा पहिल्याच फेरीत हरलो. हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. हरून झालं की चाचा जाळीवरून हात मिळवायचे, समोरच्या बाईंना अदबीनं वाकून सलाम करायचे आणि मला म्हणायचे, "चल बेटा, आता आरामात मॅची बघू." त्यांचा खेळ जुन्या पद्धतीचा, मनगटाचा. चेंडू जाळीला चाटून अलगद पलीकडं टाकायचा आणि मग हळूच हसायचं. शून्याला ते ‘लव्ह’ म्हणत नसत, ‘सिफर’ म्हणत. "पंधरा सिफर," असं त्यांनी म्हटलं की कोर्टाभोवतीच्या वेताच्या खुर्च्यांवर बसलेली दोन-चार जुनी माणसं माना डोलवायची.

पाचव्या हिवाळ्यात मला काहीतरी वेगळं जाणवलं. चाचा मला विचारायला लागले, "आत की बाहेर?" पूर्वी ते रेषेवरचा कण सांगायचे. मग एकदा समोरून साधा, सरळ चेंडू आला आणि त्यांनी रॅकेट हातभर बाजूला फिरवली. मी काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून मी खेळताना बोलू लागले. "उजवीकडं." "सोडा." "माझा." बघणाऱ्याला वाटावं, जोडीदार एकमेकांना हाका मारतात तसं चाललंय. मी त्यांच्या अर्ध्या कोर्टातही धावायला लागले. आमच्यात त्याबद्दल एक अक्षरही झालं नाही.

त्यांचं न सांगणं मला कळत होतं. चाचांची सगळी वकिली डोळ्यांवर उभी होती. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांचं काम उर्दूतून बदललं, पण जमिनी तर जुन्याच होत्या आणि त्यांचे कागदही जुने. आजा-पणज्यांच्या वेळची, पळत्या उर्दू अक्षरातली कागदपत्रं फडक्यात बांधून लोक खेड्यांतून यायचे. ते अक्षर वाचणारी माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकी उरलेली. चाचा त्यातले पहिले. मोईन वकिलांना दिसत नाही, एवढी बातमी कचेरीच्या आवारात पोहोचली असती तर पायरी चढायला कोण आलं असतं? आणि टेनिस बघायला तर सगळं आवारच यायचं. जज्जसाहेब, मामलेदार, दुसरे वकील. तिथं चेंडू दिसत नाही असं दिसलं की झालं. मग खेळणं सोडायचं? तेही नाही. दरवर्षी खेळणारा माणूस एकाएकी का थांबला, हे लोकांनी विचारलंच असतं. शिवाय त्यांना खेळायचं होतं. एवढं साधं कारणही असतंच की.

सातव्या हिवाळ्यात मिश्र दुहेरीत दोनच जोड्यांची नावं आली. एक आमची. दुसरी लिमयांची. लिमये बँकेत साहेब म्हणून नुकते पुण्याहून बदलून आले होते आणि त्यांची बायको अनुराधा लहानपणापासून शिकून खेळलेली होती. बारीक चणीची, वेणी घट्ट बांधणारी, कमी बोलणारी. दोनच जोड्या म्हणजे पहिलीच फेरी ती शेवटची. चाचांनी फलकाजवळ उभं राहून मला नावांचा कागद वाचायला लावला आणि खो खो हसले. "बेटा, सहा वर्षं मेहनत केली, शेवटी फायनलला पोचलो बघ."

मीही हसले. पण घरी आल्यावर माझ्या मनात तो कप शिरला. खोटं कशाला बोलू. सव्वीस वर्षांची होते. लग्नाची बोलणी दोनदा होऊन फिसकटली होती. शाळेत मी ‘ती टेनिसवाली’ आणि टेनिसमध्ये ‘ती पहिल्या फेरीतली’. एकदा, एकदाच, तो कप हातात घेऊन गुलमंडीतून चालत जावं, असं मला फार वाटायला लागलं.

पौषातला रविवार. सकाळी कडुलिंबाखाली अजून गारवा होता आणि कोर्टावर ऊन. दगडूनं रूळ फिरवून कोर्ट असं केलं होतं की पाऊल टाकायला संकोच वाटावा. खुर्च्या भरल्या होत्या. पंचाच्या उंच खुर्चीवर एक निवृत्त जज्ज, गळ्यात लोकरी मफलर. चाचांची पँट चाचींनी इस्त्री करून दिलेली, तिच्या घडीवर हात कापावा अशी.

पहिले तीन गेम लिमयांनी सहज घेतले. मी धावत होते, पण अनुराधाचा फटका सरळ आणि वेगाचा होता. हाक मारायलाच वेळ मिळेना. चौथ्या गेमला चाचा जाळीपाशी होते. तिनं चेंडू मारला आणि मी "सोडा" म्हणेपर्यंत तो चाचांच्या गालावर बसला. चाचांनी रॅकेट वर उचललीही नव्हती. चेंडू येतोय हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटलंच नव्हतं. लोकांना वाटलं, वय झालं, हात वेळेवर उठला नाही. चाचा गाल चोळत हसले आणि म्हणाले, "वा बाईसाहेब." पण अनुराधा समोर होती, तिनं त्यांचे डोळे पाहिले. ती जागची हलली नाही. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी नजर दुसरीकडं वळवली.

त्यानंतर तिचा खेळ बदलला. चाचांकडं चेंडू जायचा तो उंच, मऊ, जणू ताटात वाढल्यासारखा. माझ्याकडं यायचा तोही निम्म्या जोराचा, कारण मी चाचांच्या जवळ असायची. तिनं नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्याचाही हात हलका झाला. आम्ही गेम घ्यायला लागलो. तीन-एक, तीन-दोन, बरोबरी. पहिला सेट आम्ही सहा-चार जिंकला. टाळ्या पडल्या. खुर्च्यांमधून कुणीतरी म्हणालं, "मोईनसाहेब, जुनं रक्त आहे." चाचांनी रॅकेट कपाळाला लावली.

मला सगळं दिसत होतं. आम्हाला ती मॅच दिली जातेय, हे माझ्याइतकं त्या मैदानात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एक शब्द बोलले असते तर थांबलं असतं. मी बोलले नाही. उलट त्या मऊ चेंडूंवर मी तुटून पडले. दुसऱ्या सेटमध्ये आम्ही तीन-सिफर पुढं गेलो. अजून तीन गेम, एवढंच डोक्यात.

बाजू बदलताना चाचा खुर्चीपाशी थांबले. टॉवेलनं तोंड पुसलं आणि टॉवेल तोंडावर तसाच धरून हळूच विचारलं, "बेटा, ती पोरगी चेंडू हलका मारतेय?"

"नाही चाचा. वारा आहे. वाऱ्यानं मऊ पडतोय."

चाचांनी टॉवेल खाली घेतला. "वारा असता तर माझ्याही कानाला लागला असता," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी रॅकेट ऐकतोय. पहिल्या तीन गेममध्ये ती लाकूड तोडल्यासारखी वाजत होती. आता उशी झटकल्यासारखी वाजतेय."

मी पाण्याचा पेला उचलला. पाणी प्यायले.

ते जाळीकडं चालत गेले. एक हात पुढं धरून, जाळीची दोरी हाताला लागेपर्यंत. पंचांना वाटलं, काही तक्रार आहे. चाचा जाळीपाशी उभे राहिले आणि वकिली आवाजात, म्हणजे शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल अशा आवाजात बोलले.

"लिमयेसाहेब, बाईसाहेब, एक अर्ज आहे. मला चेंडू दिसत नाही. सावली हलते तेवढी दिसते. दोन वर्षं झाली. तुम्ही माझ्यावर मेहेरबानी करताय, तुमचं मन मोठं आहे. पण मी नाव दिलंय, पांढरी पँट घालून आलोय, तेव्हा मारायचा तसा मारा. लागला तर गाल माझा आहे."

कडुलिंबावर एक होला घुमत होता, तो थांबेना. अनुराधा पुढं आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "चूक झाली काका," ती म्हणाली. "पण न दिसणाऱ्या माणसाच्या तोंडावर मी चेंडू मारू कसा?"

"तोंडावर नका मारू," चाचा म्हणाले. "बाजूनं मारा. जोरात मारा. नाहीतर मी घरी जातो, आणि कप तुम्ही घेऊन जा."

तिनं मान हलवली. पंचांनी मफलर सारखा केला आणि म्हटलं, "चालू करा."

आम्ही हरलो. पुढचे सहाच्या सहा गेम गेले, दुसरा सेट तीन-सहा. तिसऱ्यात आम्हाला एकच गेम मिळाला, तो चाचांच्या सर्व्हिसचा. सर्व्हिसला चेंडू आपल्याच हातात असतो, आणि त्या हाताला तीस वर्षांची सवय होती. त्यांनी चार चेंडू असे मारले की लिमयांना जागा सोडता आली नाही. त्या गेमला चाचांनी स्वतः गुण मोजले. "पंधरा सिफर. तीस सिफर." आवाज खणखणीत. बाकी मी पळून पळून पातळाचा काठ फाडला आणि आम्ही एक-सहा हरलो. चाचांनी जाळीवरून हात पुढं केला. अनुराधानं तो दोन्ही हातांत धरला. त्यांनी वाकून सलाम केला. सगळं नेहमीसारखं. फक्त "चल, आता आरामात मॅची बघू" हे त्यांनी म्हटलं नाही.

छावणीतून घरापर्यंत आम्ही चालत आलो. नेहमी ते बोलायचे, मी ऐकायची. त्या दिवशी दोघांच्या बुटांचाच आवाज. गुलमंडीच्या अलीकडं ते थांबले.

"दोन वर्षं तू माझ्या वाट्याचं धावलीस. मला कळत होतं," ते म्हणाले. "त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. ते तू माझ्यासाठी केलंस. आजचं कुणासाठी होतं?"

मी म्हटलं, "मला कप हवा होता."

"हौ," ते म्हणाले. समोरून एक टांगा गेला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मलाही हवा होता. पहिल्या सेटच्या निम्म्यातच मला ऐकू आलं होतं, बेटा. मी गप्प बसलो. दुसऱ्या सेटचे तीन गेमही गप्प बसलो. तेव्हा तू मला शिकवू नकोस आणि मी तुला शिकवत नाही."

एवढं बोलून ते चालायला लागले. मी त्यांच्या मागं मागं गेले. त्यांचा कोपर धरावा असं वाटलं, पण त्या दिवशी धरवला नाही.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. बातमी आवारात पोहोचलीच, पोहोचणारच होती. त्यांच्या ओसरीवरच्या बाकावर एरवी चार-सहा फडकी तरी असायची. ते बाक रिकामं पडलं. चाचा रोज कोट घालून तिथं बसायचे आणि दुपारी उठून आत जायचे. चाचींनी नानांना निरोप धाडला, जरा येऊन बसा. नाना गेले, सोबत मीही.

आम्ही बसलो होतो तेव्हाच दगडू आला, आणि त्याच्यामागं खांद्यावर घोंगडं टाकलेला त्याचा थोरला भाऊ. त्यांचा गायरानाच्या चराईचा वाद चालू होता आणि कागद चाचांकडं होते. भावानं फडकं सोडून आणखी एक कागद पुढं केला. "सायब, ह्यो घावला पेटीच्या तळाला. वाचा जरा."

चाचा म्हणाले, "दगडूनं सांगितलं नाही का? मला दिसत नाही."

"त्यो काय सांगंल," भाऊ म्हणाला. "आमाला लई दिस ठावं हाय. गेल्या साली तुमी कागद उलटा धरून वाचला व्हता."

चाचांचा चेहरा उतरला. "मग तेव्हाच दुसऱ्याकडं का नाही गेलास?"

"कशापायी? वाचलं त्ये बराबर वाचलं व्हतं की. कागद तुमच्या डोस्क्यात हाय, हातात नाय." तो घोंगडं सारखं करून खाली बसला. "ह्यो नवा हाय म्हून आणला. ह्यो कुनाकडून तरी वाचून घ्या, मंग तुमी सांगा."

नानांनी हात पुढं केला. नाना निजामाच्या वेळचे शाळामास्तर, त्यांना उर्दू येत होतं. कचेरीतलं अक्षर लागत नसे, अडखळायचे, पण अक्षर अक्षर लावत वाचायला लागले. चाचा डोळे मिटून ऐकत होते. एका शब्दाला नाना अडले तर चाचांनी वाक्यच पुरं केलं. मग बोट वर करून त्यांनी त्या कागदाचा अर्थ सांगितला, त्यात गायरानाच्या हद्दीचा ओढा होता, आणि दगडूचा भाऊ दर वाक्याला "व्हय" म्हणत राहिला. त्या संध्याकाळपासून नाना रोज जायला लागले. ते वाचायचे, चाचा सांगायचे. हळूहळू बाकावर पुन्हा फडकी दिसू लागली. पहिल्याइतकी नाहीत, पण घर चालण्याइतकी.

त्या हिवाळ्यानंतर मॅची झाल्या नाहीत. का, याचं ठसठशीत कारण मला आजही देता येत नाही. लिमयांची बदली झाली. मॅचींच्या पाठीशी उभे असलेले इंजिनियर निवृत्त झाले. पोरं क्रिकेटकडं वळली. एका कोर्टाच्या कडेनं रस्ता रुंद करायचा निघाला. फलकावर सूचना लागली की यंदाचे सामने पुढं ढकलले आहेत, आणि ती सूचना उन्हानं पिवळी पडून, कोपरे वळून, एक दिवस आपोआप गळून पडली. सामने बंद झाले असं कुणी कधी म्हटलंच नाही. माणसं गेली की आपण दिवस घालतो, एक दिवस ठरवून रडतो. असल्या गोष्टींना तेवढंही मिळत नाही. कप कुणाच्या कपाटात आहे, हेही कुणाला ठाऊक नाही. मी विचारून पाहिलं. क्लबातल्या तरुण माणसानं नम्रपणे विचारलं, "इथं टेनिस होतं का आजी?"

पुढच्या वर्षी चाचांनी हैदराबादला जाऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणूनच जाता आलं, असं चाची म्हणाल्या. परत आले तेव्हा नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता, त्यामागं डोळे मोठे आणि ओलसर दिसायचे. माझं लग्न ठरलं होतं आणि मी पत्रिका द्यायला गेले होते. त्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं, खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तू मोठी झालीस की. मी आपला वीस वर्षांची धरून चाललो होतो."

मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक फोटो काढला. शेवटच्या मॅचनंतर गुलमंडीतल्या फोटोवाल्यानं आम्हा चौघांना उभं करून काढला होता. तो घरी आला तेव्हा त्यांना दिसत नव्हतं, म्हणून तसाच पडलेला. ते भिंगांपाशी धरून एकेकाला बघू लागले.

"ही ती? एवढीशी?"

"हो."

"आणि हिनं माझा गाल फोडला." त्यांना हसू आलं. "मी कुणीकडं बघतोय?"

"फोटोवाला डावीकडं होता. तुम्ही उजवीकडं बघत होता."

"आणि तू खाली."

त्यांनी फोटो उलटा केला, खणातून टाक काढला, दौतीत बुडवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सावकाश, उजवीकडून डावीकडं लिहायला लागले. अक्षर थरथरत होतं, पण ओळ सरळ होती. मला उर्दू येत नव्हतं. मी विचारलं, काय लिहिलंत.

बोट ओळीवरून फिरवत त्यांनी वाचलं. "विमल आणि मोईन. हरले. तीन-सहा, एक-सहा."

"आणि पहिला सेट?" मी विचारलं.

"तो आपण खेळलो नव्हतो," चाचा म्हणाले. शाई वाळेपर्यंत त्यांनी फोटोवर फुंकर घातली आणि मग तो माझ्या हातात दिला.